'आम्ही' आणि 'आपण' : १९७९ च्या फास्टनेट शर्यतीच्या कथनांतील प्रथमपुरुषी अनेकवचन

सागरी शर्यतींविषयीचे जे लेखन साहित्यविचाराच्या कक्षेत आले आहे, ते बहुतांशी एकट्या माणसाचे लेखन आहे. १९६८ साली सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊजण निघाले आणि एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, मुंबईत बांधलेल्या 'सुहैली' या नौकेतून, एप्रिल १९६९ मध्ये ती पूर्ण करून परतला. परंतु समीक्षकांना आकर्षण वाटले ते त्याचे नव्हे. जिंकण्याची शक्यता असताना शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेलेला बर्नार मोआतेसिए आणि अटलांटिकमध्येच घुटमळत राहून पृथ्वीप्रदक्षिणेच्या खोट्या नोंदी तयार करणारा डोनाल्ड क्राउहर्स्ट, हे दोघे त्यांच्या लेखनामुळे अभ्यासाचे विषय झाले. क्राउहर्स्टच्या नोंदवह्यांवर निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल यांनी १९७० मध्ये ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून या नोंदवह्या विश्वासार्ह निवेदकाच्या प्रश्नाचे जणू प्रमाण उदाहरण होऊन बसल्या. याचे कारण उघड आहे. आधुनिक समीक्षेला 'मी' हे सर्वनाम हाताळण्याची सवय आहे. समुद्रावरचा एकटा मनुष्य हा तिला आयताच मिळालेला निवेदक होय. सहा, आठ किंवा पंधरा माणसांनी मिळून चालविलेल्या नौकेचे कथन मात्र साहसकथा, क्रीडावृत्त किंवा अपघाताचा अहवाल म्हणून बाजूला टाकले जाते. त्यामुळे त्या कथनातील सर्वनामांचा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. आणि खरे तर तेथेच तो अधिक बिकट आहे.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत नौकेवरील माणूस कोणत्या स्थितीत असतो, हे आधी पाहावयास हवे. दिवसरात्रीचे तुकडे पाडलेले असतात. चार तास पाळी, चार तास विश्रांती, हा जुना नेम. एकाने सोडलेल्या ओल्या, उबदार बिछान्यात दुसरा शिरतो, कारण जितकी माणसे तितके बिछाने ठेवण्याइतकी जागाच नसते. शिडे बदलणारे, दोर ओढणारे, सुकाणू धरणारा, नकाशावर वाकून बसलेला दिग्दर्शक अशी कामे वाटलेली असतात. परंतु वाऱ्याच्या विरुद्ध जाताना ज्यांच्या हाती तातडीचे काम नाही, ते सर्वजण वाऱ्याकडच्या कठड्यावर ओळीने, पाय बाहेर सोडून बसतात. नौका फार कलू नये म्हणून त्यांच्या देहांचे वजन तेथे हवे असते. या बसण्याला इंग्रजी भाषिक खलाशांनी 'रेल मीट', म्हणजे कठड्यावरचे मांस, असा शब्द घडविला आहे. शब्द थट्टेचा असला तरी अचूक आहे. माणूस येथे तोलाचे वजन म्हणून मोजला जातो. तो कोण आहे यापेक्षा तो किती किलो आहे आणि कोठे बसला आहे, यावर नौकेचा वेग ठरतो. अशा जगण्यातून निघालेल्या कथनात प्रथमपुरुषी अनेकवचन येणे अपरिहार्य असते. 'आम्ही शीड उतरविले' या वाक्यात शीड उतरविणारे दोघेच असतील, एकजण झोपलेला असेल, एकाला उलट्या होत असतील. तरीही वाक्य खोटे ठरत नाही.

एमिल बेन्वेनिस्त याने दाखवून दिले आहे की, हे अनेकवचन 'मी'चे अनेकवचन नव्हेच. 'घोडा'चे 'घोडे' होते तसे 'मी'चे 'आम्ही' होत नाही. एक 'मी' आणि त्याच्या भोवती जमविलेले काही 'मी-नव्हे' यांचे ते मिश्रण असते, आणि त्या मिश्रणात 'तू' आहे की 'तो' आहे यावर त्याचे स्वरूप ठरते. कित्येक भाषांना हा भेद व्याकरणातच करावा लागतो. इंग्रजीला करावा लागत नाही. 'वुई' या एका शब्दात दोन्ही खपतात. मराठीला, गुजरातीला आणि तमिळ, तेलुगू यांसारख्या द्राविडी भाषांना मात्र तो टाळता येत नाही. 'आपण जाऊ' म्हणताना ऐकणारा सोबत असतो. 'आम्ही जाऊ' म्हणताना तो मागे राहतो. मराठी बोलणाऱ्याला हा निर्णय दर वाक्यागणिक घ्यावा लागतो आणि तो इतका अंगवळणी पडलेला असतो की, निर्णय घेतल्याचे त्याला जाणवतही नाही. अनुवाद करताना मात्र ते लख्ख जाणवते. इंग्रजी संहितेतील प्रत्येक 'वुई'पाशी अनुवादकाला थांबून विचारावे लागते, की हे कोण कोणाला सांगत आहे, आणि ज्याला सांगितले जात आहे तो यात आहे की नाही.

नौकेवरील कथनाला हा प्रश्न लावला की एक साधी गोष्ट दिसते. नौकेवर प्रत्यक्ष उच्चारले गेलेले बहुतेक 'वुई' हे 'आपण' असतात, कारण ऐकणारे तेथेच, त्याच कठड्यावर असतात. 'आपण शीड कमी करू या', 'आपल्याला परत फिरावे लागेल', हे सर्व एकमेकांना उद्देशून असते. किनाऱ्यावर येऊन तेच सांगितले जाते तेव्हा ऐकणारा बदलतो. तो नौकेवर नव्हता. मग 'आपण'चे 'आम्ही' होते. नौकेपासून पुस्तकापर्यंतचा प्रवास हा 'आपण'पासून 'आम्ही'पर्यंतचा प्रवास आहे, आणि इंग्रजीत तो एकाच शब्दाच्या आड घडत असल्यामुळे वाचकाच्या नजरेतून निसटतो. या प्रवासात एखादा माणूस गळाला, तर तो कोणत्या टप्प्यावर गळाला हेही इंग्रजी संहिता आपणहून सांगत नाही.

कॉनरॅडने हे फार पूर्वी ओळखले होते, असे म्हणावयास जागा आहे. 'नार्सिसस' या जहाजावरील खलाशांची त्याची कादंबरी १८९७ ची. हे जहाज मुंबई बंदरातून लंडनला निघते. कॉनरॅड स्वतः त्या नावाच्या जहाजावर १८८४ मध्ये मुंबईहून डंकर्कपर्यंत दुय्यम अधिकारी म्हणून गेला होता. कादंबरीचा निवेदक आरंभी खलाशांना तृतीयपुरुषात पाहतो, नंतर नकळत त्यांच्यात मिसळून 'वुई' म्हणू लागतो आणि अखेरीस, लंडनमध्ये पगार घेऊन सारे पांगतात तेव्हा, एकाएकी 'मी' होतो. या सरकत्या दृष्टिबिंदूला कॉनरॅडची तांत्रिक चूक मानणारे समीक्षक आहेत, तसेच त्याचे समर्थन करणारेही आहेत. मराठी व्याकरणाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक तपशील पुढे येतो. कादंबरीभर येणारा 'वुई' हा 'आम्ही' आहे. वाचकाला, अधिकाऱ्यांना आणि कित्येकदा आजारी जेम्स वेटलाही वगळणारा. शेवटच्या परिच्छेदात मात्र निवेदक पांगलेल्या सोबत्यांनाच संबोधून बोलतो, आणि तेथील 'वुई'चे भाषांतर 'आम्ही' असे करताच येत नाही. तो 'आपण' आहे. म्हणजे ज्या क्षणी निवेदक व्याकरणाने एकटा पडतो, त्याच क्षणी त्याच्या तोंडी समावेशक अनेकवचन येते, आणि तेही आता ऐकू न शकणाऱ्यांना उद्देशून. या जागेचे मोल इंग्रजी समीक्षेला जाणवले नाही असे नाही. पण तिला ते भावनेच्या भाषेत सांगावे लागले.

कादंबरीत जी रचना होती ती १९७९ च्या फास्टनेट शर्यतीच्या कथनांत प्रत्यक्ष माणसांच्या जगण्यामरण्याशी जोडली गेली. १९२५ पासून चालत आलेली ही शर्यत त्या काळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील काउझहून निघून आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला संपत असे. अंतर सुमारे ६०५ सागरी मैल. ११ ऑगस्ट १९७९ रोजी ३०३ नौका निघाल्या. १३ ऑगस्टच्या दुपारी सागरी हवामानवृत्ताने सहा-सात अंकांच्या वाऱ्याची शक्यता वर्तविली होती; त्या रात्री वारा दहाच्या घरात गेला. पंधरा स्पर्धक मृत्यू पावले. शर्यतीचे नियमन करणाऱ्या क्लबने आणि ब्रिटनच्या नौकानयन संघटनेने मिळून त्याच वर्षी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील हिशेब असा: ८५ नौकांनी शर्यत पूर्ण केली, १९४ माघारी फिरल्या, १९ सोडून देण्यात आल्या व नंतर सापडल्या, पाच बुडाल्या असे मानण्यात आले.

अहवालाची भाषा अर्थातच अकर्तृक आहे. तिचे एकक माणूस नव्हे, नौका आहे. प्रश्नावल्या पाठविल्या गेल्या, उत्तरे संगणकावर मांडली गेली आणि त्यांतून उलटण्याचे कोन, सुकाणूंची मोडतोड, सुरक्षापट्ट्यांच्या आकड्या यांविषयीचे निष्कर्ष निघाले. या भाषेला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिने पुढे पुष्कळ माणसे वाचविली असतील. सात मृत्यू रबरी जीवरक्षक तराफ्यांशी निगडित होते आणि त्या सातजणांनी ज्या नौका सोडल्या होत्या त्या नंतर तरंगत सापडल्या, हा तिचा निष्कर्ष होता. तराफ्यात उतरावे लागत असेल तोवर नौका सोडू नये, वर चढावे लागेल इतकी ती बुडाली तरच सोडावी, हा नौकानयनातील संकेत या अनुभवानंतर दृढ झाला. परंतु 'सोडून देण्यात आली' या कर्मणी क्रियापदाचा कर्ता कोण, हा प्रश्न अहवालापुढे नव्हता.

जॉन रूसमनिअर याचे 'फास्टनेट, फोर्स टेन' हे पुस्तक १९८० चे. लेखक स्वतः 'तोस्काना' या नौकेवर त्या शर्यतीत होता. आपल्या नौकेविषयी तो 'वुई' म्हणतो. इतर नौकांवर काय घडले हे मुलाखतींच्या आधारे तृतीयपुरुषात रचतो. वृत्तांत म्हणून पुस्तक उत्तम आहे, आणि नंतरच्या शर्यतवाङ्मयाचा साचा मुख्यतः त्यानेच घडविला. त्याची मर्यादा दुसरीकडे आहे. लेखकाच्या नौकेचा 'आम्ही' हा वाचलेल्यांचा, सुस्थितीत परतलेल्यांचा 'आम्ही' आहे. आणि इतर नौकांच्या तृतीयपुरुषी कथनाला जी विश्वासार्हता लाभते ती या 'आम्ही'कडून उसनी घेतलेली असते. ज्याने तोच वारा सोसला त्याचे निवेदन खरे, असा हा अलिखित करार आहे. वारा तोच असला तरी नौका तीच नव्हती. तीस फुटी 'ग्रिमाल्किन'च्या बाबतीत हे अंतर विशेष महत्त्वाचे ठरते.

'ग्रिमाल्किन'वर सहाजण होते: मालक व नौकाप्रमुख डेव्हिड शीहान, त्याचा किशोरवयीन मुलगा, आणि आणखी चौघे, ज्यांत जेरी विंक्स आणि चोवीस वर्षांचा निक वॉर्ड होता. नौका वारंवार आडवी पडत राहिली. जखमी झालेला शीहान ती उलटली तेव्हा वाहून गेला. ती सावरली तेव्हा विंक्स आणि वॉर्ड निश्चेष्ट दिसत होते. उरलेल्या तिघांनी दोघेही मेले असे मानून तराफा पाण्यात टाकला. पुढे हेलिकॉप्टरने त्यांची सुटका केली. वॉर्ड मेला नव्हता. शुद्धीवर येऊन तो नौकेवर चढला, विंक्सला त्याने ओढून वर घेतले. विंक्सही जिवंत होता, पण थोड्या वेळाने तो मृत्यू पावला. त्यानंतरचे कित्येक तास वॉर्ड अर्धवट पाण्याने भरलेल्या नौकेत त्या मृतदेहासोबत होता. सायंकाळी त्याला उचलण्यात आले. शिनेड ओब्रायनच्या साहाय्याने त्याने लिहिलेले 'लेफ्ट फॉर डेड' हे पुस्तक २००७ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी आले.

पुस्तकाच्या शीर्षकातच कर्मणी रचना आहे. 'मेला असे समजून सोडून दिलेला' हा तिचा मराठी पर्याय. तोही कर्त्याला लपवितो, आणि मराठी वाचकाला ते लपविणे अधिक टोचते, कारण 'कोणी?' हा प्रश्न मराठीत लगेच ओठांवर येतो. वॉर्डने शीर्षकात कर्ता आणला असता तर पुस्तक आरोपपत्र झाले असते. तसे ते नाही. त्यात राग आहे, पण कोणाचा न्याय करण्याची ईर्षा नाही. शर्यत सुरू होईपर्यंतच्या पानांत 'वुई' सहाजणांचा आहे आणि वाचकाला सांगितला जात असल्यामुळे मराठीत तो 'आम्ही' होईल. संकटाच्या रात्री नौकेवरील संवाद येतात; तेथे 'आपण' अनिवार्य. प्रश्न उद्भवतो तो तिघे तराफ्यात उतरतात त्या क्षणी. त्या तिघांच्या बोलण्यातला 'वुई' कोणता? एकमेकांशी बोलताना तो 'आपण' आहे. पण आदल्या दिवशीच्या 'आपण'मध्ये जे सहाजण होते त्यांतले तीन आता त्यात नाहीत. या वजाबाकीत खोटेपणा नाही. जो ऐकत नाही, जो उत्तर देत नाही, तो 'आपण'मधून व्याकरणानेच गळतो. त्या लाटांत, त्या गारठ्यात, नाडी चाचपण्याइतके स्थैर्य नसताना तिघांनी जे ठरविले ते त्यांच्या दृष्टीने सहाजणांच्या वतीने ठरविलेले असू शकते. वाहून गेलेल्या नौकाप्रमुखाचा मुलगा त्या तिघांत होता, हे कोणत्याही वाचकाने विसरू नये. वॉर्डच्या दृष्टीने मात्र तो निर्णय 'आम्ही'चा आहे, त्याला वगळून घेतलेला. एकाच कृतीला दोन सर्वनामे लागतात आणि दोन्ही खरी असतात. इंग्रजीत या ठिकाणी वाद होतो तो वस्तुस्थितीचा. मराठीत तो सर्वनामाचाही होईल.

पुस्तकाचा सर्वांत समृद्ध भाग मात्र यानंतरचा आहे. मरण्यापूर्वी विंक्स आपल्या पत्नीसाठी निरोप देतो. निरोप देणे म्हणजे आपला 'मी' दुसऱ्याच्या तोंडी ठेवणे. आणि तो पोचविण्यासाठी 'तू' जगला पाहिजे, ही अट त्यात गर्भित असते. विंक्सच्या मृत्यूनंतर वॉर्ड त्याच्याशी बोलत राहतो. हे वेड नव्हे, हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, वाचकालाही कळते. पाणी उपसायचे आहे, वर यायचे आहे, वाट पाहायची आहे, हे तो ज्या 'वुई'मध्ये सांगतो त्याचा अनुवाद 'आम्ही' असा केला तर वाक्य मरते. ते बोलणे वाचकासाठी उरते, विंक्ससाठी राहत नाही. 'आपण' म्हणावे तर श्रोता मृत आहे. तरीही 'आपण'च म्हणावे लागते. जो ऐकत नाही तो 'आपण'मधून गळतो, हा काही तासांपूर्वीचा नियम येथे एका माणसाने मोडलेला आहे, आणि त्या मोडण्यावर तो तग धरून राहिला आहे. कॉनरॅडच्या निवेदकाने लंडनच्या रस्त्यावर जे अलंकार म्हणून केले ते वॉर्डला अर्ध्या बुडालेल्या नौकेत गरज म्हणून करावे लागले. कलाकृती म्हणून कॉनरॅडचा परिच्छेद निःसंशय श्रेष्ठ आहे. पण 'आपण' या शब्दावर पडलेला भार वॉर्डच्या पानांत अधिक आहे.

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. एक, 'आपण' हे सर्वनाम मराठीतही एकजिनसी नाही. ते आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे, आत्मवाचक आहे, आणि 'आपण नाही बुवा असल्या भानगडीत पडत' म्हणणाऱ्याच्या तोंडी निव्वळ 'मी' आहे. हे मान्यच करावयास हवे. परंतु या अनेकार्थतेमुळे प्रस्तुत मुद्दा दुबळा न होता गुंतागुंतीचा होतो. मृत सोबत्याशी बोलणाऱ्या माणसाचे 'आपण' हे एकाच वेळी दोघांचे, समोरच्याचे आणि स्वतःचे असू शकते, आणि तिन्हींपैकी नेमके कोणते हे ठरविण्याची सक्ती वाक्य करीत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अठ्ठावीस वर्षांनी, सहलेखिकेच्या मदतीने लिहिलेल्या पुस्तकातील संवाद हे त्या दिवशीचे संवाद कसे मानावयाचे? फिलिप लजन ज्याला आत्मचरित्राचा करार म्हणतो तो एका नावाच्या लेखकाशी होतो. येथे मुखपृष्ठावर नावे दोन आणि 'मी' एक आहे. कथनातील काही प्रसंग फार घोटीव झाले आहेत, संवादांना कादंबरीचा डौल आला आहे, हे खरेच. म्हणून या संवादांना पुरावा म्हणून वापरणे गैर होईल. परंतु संहितेतील सर्वनामांचा विचार पुराव्याचा विचार नव्हे. इतक्या वर्षांनंतर लिहिणाऱ्यालाही मृत सोबत्यासाठी तृतीयपुरुष वापरणे पुरेसे वाटले नाही, ही संहितेतील वस्तुस्थिती आहे, आणि सहलेखिकेने तिला पक्के रूप दिले असेल तर तिचेही वाचन तेच आहे.

'ग्रिमाल्किन' बुडाली नाही. अहवालातील 'सोडून देण्यात आल्या व नंतर सापडल्या' या एकोणीसच्या आकड्यात ती आहे. ती सोडून दिली गेली ती नेमकी केव्हा, हे त्या रकान्यावरून ठरत नाही. तिघे तराफ्यात उतरले तेव्हा नौकेवरील एकजण जिवंत राहणार होता आणि दुसरा अद्याप मेला नव्हता. सायंकाळी हेलिकॉप्टरने वॉर्डला उचलले तेव्हाच, काटेकोर अर्थाने, ती निर्मनुष्य झाली. मराठीत या नोंदीचा कर्तरी अनुवाद करू पाहणाऱ्याला 'आम्ही नौका सोडली' असे एक वाक्य लिहून भागणार नाही. त्याला ते दोनदा, दोन वेगळ्या वेळा घालून, दोन वेगळ्या तोंडी लिहावे लागेल.